ड्रमचा तराफा किती वजन पेलतो? पाण्याच्या रेषेवरून काढायचा हिशेब

शेततळं, जुन्या खाणीचा खड्डा, धरणाचं बॅकवॉटर: जिथं पाण्याची पातळी वर्षभर खाली-वर होते, तिथं पंप तराफ्यावर ठेवणं सोयीचं पडतं. सक्शन (पाणी ओढणारा पाईप) आखूड राहतो, फूटव्हॉल्व्ह (त्याच्या खालच्या टोकाची झडप) गाळात रुतत नाही आणि पावसाळ्यात पंप उचलायची धावपळ होत नाही. तराफा बांधताना हिशेब मात्र बहुधा तोंडीच होतो: २०० लिटरचे चार ड्रम, म्हणजे ८०० किलो पेलणार. आकडा फारसा चुकीचा नाही, त्याचा अर्थ चुकीचा घेतला जातो. ८०० किलो म्हणजे ज्या क्षणी तराफा पाण्याखाली जाईल तो क्षण. कामाचं वजन त्याच्या निम्म्यानंही नसतं. आणि तराफा सगळा मिळून बुडण्याआधी एका अंगाला कलून दगा देतो, हे लिटरच्या हिशेबात दिसतच नाही.

आर्किमिडीजचं तत्त्व सगळ्यांना पाठ असतं. इथं त्याचा उपयोगाचा भाग एवढाच: तरंगणारी वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढंच तिचं एकूण वजन असतं. गोड्या पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो. म्हणून पाण्याखाली गेलेले लिटर मोजता आले, की काट्याशिवाय वजन कळतं. गोव्यात मांडवी-झुआरीतून खनिज वाहणाऱ्या बार्जमधला, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू बोटीतला, माल असाच मोजतात. बार्ज काट्यावर चढवता येत नाही. ती किती बुडाली ते पुढं, मध्ये आणि मागं, दोन्ही अंगांना, अशा सहा ठिकाणी वाचतात आणि त्यावरून टन काढतात. तराफ्याला चार कोपरे पुरतात.

ड्रमची खरी ताकद

ड्रम निवडताना आधी तोंड बघा. झाकणाला पत्र्याची रिंग असलेला, पूर्ण तोंड उघडणारा ड्रम या कामाला नको. आडवा ठेवला की आज ना उद्या तो पाणी घेणारच. वर दोन बुचं असलेला बंद ड्रम घ्या. कीटकनाशकाचा किंवा ॲसिडचा जुना ड्रम स्वस्त मिळतो, पण त्याची बुचं गळली की ते पाणी पिकाला, जनावरांना आणि तळ्यातल्या माशांना जाणार. तो घेऊच नका.

ड्रमवर छापलेले २०० लिटर हे भरायच्या मालाचं माप असतं. काठोकाठ भरला तर साधारण २१५ ते २२५ लिटर बसतात. आपल्या ड्रमचा आकडा काढायला खताच्या किंवा भुसार दुकानातला मोठा काटा पुरतो. ड्रम रिकामा तोला, मग बुचापर्यंत पाणी भरून तोला. फरक येईल तेवढे लिटर. समजा रिकामा ९ किलो आणि आत २२० लिटर.

आता प्लास्टिकच्या जाडीनंही थोडं पाणी बाजूला सारलं जातं. एचडीपीईची, म्हणजे ड्रमच्या प्लास्टिकची, घनता ०.९५ च्या आसपास, म्हणजे ९ किलो प्लास्टिक साडेनऊ लिटर जागा घेतं. ड्रम पूर्ण बुडाला तर २२०+९.५ = २२९.५ लिटर पाणी सरकतं. त्यातून ड्रमचे स्वतःचे ९ किलो वजा केले की उरतात जवळपास २२०. म्हणजे प्लास्टिकच्या ड्रमला सोपा नियम: आत जेवढे लिटर बसतात तेवढे किलो तो वर पेलतो, ड्रमचं वजन वेगळं धरायची गरज नाही. लोखंडी ड्रमला हे चालत नाही. १८ किलोचा पत्रा जेमतेम सव्वादोन लिटर पाणी सारतो, म्हणून तिथं आतल्या लिटरमधून सोळाएक किलो वजा करावे लागतात. शिवाय तो गंजतो.

वजनांची यादी

पुढचा सगळा हिशेब एका ठरावीक तराफ्याचा आहे: चार ड्रम आडवे, दोन ओळी, प्रत्येक ओळीत दोन ड्रम एकामागं एक. ड्रमचा व्यास ५८ सेंमी, लांबी ९३ सेंमी. दोन ओळींच्या मध्यरेषांतलं अंतर १.३ मीटर. वर ५ एचपीचा मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच जोडात).

सांगाडा ५०×५०×५ मिमीच्या अँगलचा. त्याचं वजन मीटरला ३.८ किलो. लांबीतले चार अँगल २ मीटरचे, आडवे चार १.९ मीटरचे, मिळून १५.६ मीटर, म्हणजे ५९ किलो. मधल्या भागावर १९ मिमीचं वॉटरप्रूफ प्लाय, २×१ मीटर: २६ किलो. पट्ट्या, यू-बोल्ट, नट: ८ किलो. पंप ५५ किलो धरू. तुमच्या पंपाचं वजन कंपनीच्या पत्रकात असतं. डिलिव्हरी पाईपचा (पाणी काठाकडं नेणाऱ्या पाईपचा) तराफ्यावर येणारा भार १२ किलो. पंपातलं आणि पाण्याच्या रेषेवरच्या सक्शनमधलं पाणी ८ किलो. बेरीज १६८. चार ड्रमचे ३६ मिळवले की २०४ किलो.

या यादीत दोन ठिकाणी गडबड होते. पहिली सक्शन पाईपची. पाईपमधलं जे पाणी तळ्याच्या पातळीखाली आहे त्याचा भार तराफ्यावर येत नाही, फक्त पातळीच्या वरचा खांब मोजायचा. ७५ मिमी आतल्या व्यासाच्या पाईपमध्ये मीटरला ४.४ लिटर पाणी मावतं, त्यावरून काढा. दुसरी गडबड बुडालेल्या वस्तूंची. लोखंडी फूटव्हॉल्व्ह पाण्यात आपल्या वजनाचा आठवा हिस्सा गमावतो, पीव्हीसीचा पाईप सत्तर टक्के, आणि एचडीपीईचा पाईप तर वजन घालायच्या ऐवजी किंचित उचलतोच. तराफ्याखाली सबमर्सिबल (पाण्यात बुडून चालणारा पंप) टांगणार असाल तर काट्यावरचं सुकं वजन धरू नका. पंप पाण्याच्या टाकीत पूर्ण बुडवून ताणकाट्याला अडकवा आणि जो आकडा दिसेल तो घ्या.

माणसं विसरू नका. दुरुस्तीला एकटा कोणी जात नाही, दोघं जातात, वर अवजारांची पेटी. दोघांचे १५० धरले तर एकूण ३५४ किलो.

किलोवरून सेंटीमीटर

चौकोनी पेटीचा तराफा असेल तर काम एका ओळीत संपतं: पाण्याला टेकलेल्या प्रत्येक चौरस मीटरला, बुडीच्या प्रत्येक सेंटीमीटरमागं १० किलो. आडव्या ड्रमला हे सरळ लागत नाही, कारण तो तळाशी अरुंद, मध्ये रुंद आणि वर परत अरुंद. त्यासाठी हा तक्ता. डावीकडं व्यासाचा किती भाग बुडाला, उजवीकडं आकारमानाचा किती:

१० टक्के खोली: ५ टक्के
२० टक्के: १४
३० टक्के: २५
४० टक्के: ३७
५० टक्के: ५०
६० टक्के: ६३
७० टक्के: ७५
८० टक्के: ८६
९० टक्के: ९५

आपल्या चार ड्रमचं एकूण आकारमान ४×२२९.५ = ९१८ लिटर. माणसं नसताना २०४ किलो, म्हणजे २२ टक्के आकारमान पाण्याखाली. तक्त्यात १४ आणि २५ च्या मधे बघितलं तर खोली व्यासाच्या २७ टक्के, म्हणजे १६ सेंमी. दोघं चढल्यावर ३५४ किलो, ३८.५ टक्के, खोली २४ सेंमी. म्हणजे १५० किलोला ८ सेंमी. या पट्ट्यात तराफा सुमारे १९ किलोमागं एक सेंटीमीटर बसतो.

सगळी माणसं वर असताना ड्रम निम्म्याच्या आतच बुडायला हवा, ही मर्यादा ओलांडू नये. निम्म्यापर्यंत ड्रम बुडत जाईल तसा रुंद होत जातो, म्हणून प्रत्येक जादा किलोला तो जास्त विरोध करतो. निम्म्याच्या वर उलटं सुरू होतं. पाण्याच्या रेषेवरची रुंदी कमी होत जाते, तेवढ्याच वजनाला तो जास्त खाली जातो आणि कलल्यावर सावरायची ताकदही घटते. शेवटचे शंभर किलो पहिल्या शंभरासारखे वागत नाहीत.

पाण्यात उतरवून मोजणी

कागदावरचा आकडा तपासायला सकाळची वेळ घ्या, वारा पडलेला असतो. लागणारं सामान: चार स्टीलच्या पट्ट्या किंवा मेझर टेपचे तुकडे, पक्का मार्कर, २० लिटरचे सहा जार, आणि हातभर पारदर्शक नळी.

पट्ट्या चारही कोपऱ्यांवर ड्रमच्या बाहेरच्या अंगाला उभ्या लावा. शून्य ड्रमच्या सगळ्यात खालच्या पातळीशी जुळलं पाहिजे; हे काम जमिनीवरच, पाणसळ लावून उरकून घ्या. पाण्यात गेल्यावर शून्य सापडत नाही.

पंप न ठेवता नुसता तराफा उतरवा, दोर ढिले सोडा आणि चारही कोपरे वाचा. पाणी हलत असेल तर पारदर्शक नळीचं खालचं टोक बुचानं बंद करून त्याला सुईएवढं भोक पाडा आणि ती पट्टीला चिकटवून धरा. लाटा बाहेर राहतात, नळीत पाणी शांत असतं. काचेला किंवा प्लास्टिकला पाणी कडेनं किंचित वर चढतं. तो उंचवटा सोडून सपाट पातळी वाचा. चार आकड्यांची सरासरी काढा. आपल्या उदाहरणात सांगाडा, प्लाय, बोल्ट आणि ड्रम मिळून १२९ किलो, म्हणून सुमारे ११.५ सेंमी दिसायला हवं. १३ च्या वर दिसलं तर कुठलातरी ड्रम आत पाणी घेऊन बसलाय किंवा अँगल तुम्ही समजता त्याहून जाड आहे.

मग भरलेले जार मधोमध एकेक ठेवा. रिकामा जार काट्यावर तोलून घ्या. पाण्यासकट एक जार २१ किलो धरू. सहा जार म्हणजे १२६ किलो. बूड, म्हणजे पट्टीवर दिसणारी बुडालेली खोली, ११.५ वरून १८.६ वर गेली तर ७.१ सेंमीला १२६, म्हणजे सेंटीमीटरला १७.७ किलो. हा तुमच्या तराफ्याचा स्वतःचा आकडा, तक्त्याहून भरवशाचा, कारण त्यात ड्रमचा निमुळतेपणा, कडा, फुगवटे सगळं आपोआप आलं.

आता जार उतरवून पंप ठेवा. बूड १४.७ आली, तर फरक ३.२ सेंमी, ३.२×१७.७ = ५६.६ किलो. खरे ५५. पट्टी वाचताना एका मिलिमीटरची चूक पावणेदोन किलोंची पडते, तेव्हा दोन-चार किलोंचा फरक गृहीतच धरा. लहान वजन मोजायला हा तराफा निरुपयोगी आहे. पाच किलो मोजायचे तर पाण्याच्या रेषेवर अरुंद असणारं काहीतरी हवं.

गुणाकारही नको असेल तर याहून जुनी रीत आहे. भीमा-इंद्रायणीच्या संगमावरच्या तुळापूरची आख्यायिका बहुतेकांनी ऐकलेली असते: हत्तीची तुला करायची होती, एवढा मोठा तराजू नव्हता, तेव्हा शहाजीराजांनी हत्ती नावेत चढवून पाणी लागलं तिथं खूण करायला सांगितलं, मग हत्ती उतरवून त्या खुणेपर्यंत दगड भरले आणि दगड तोलले. इतिहास किती आणि कथा किती हे बाजूला ठेवलं तरी पद्धत बिनचूक आहे. ड्रमचा आकार, निमुळतेपणा, पाण्याची घनता, तक्ता, कशाचाच प्रश्न येत नाही. त्याच खुणेवर तोच तराफा म्हणजे तेच वजन. दगडांच्या जागी जार वापरा. पंप ठेवून खूण करा, पंप उतरवा, खूण परत येईपर्यंत जार चढवा, शेवटचा जार अर्धा भरून जुळवा. अट एकच: वजन दोन्ही वेळा एकाच जागी, मधोमध.

कलणं

दोन ओळींचा तराफा म्हणजे दोन वेगळे आधार, प्रत्येकी ४५९ लिटरचे. पंप मधोमध असेल तर दोन्हींवर १०२ किलो. ७५ किलोचा माणूस नेमका एका ओळीच्या मध्यावर उभा राहिला की त्याचं सगळं वजन त्या ओळीवर जातं: तिकडं १७७, इकडं १०२. एक अंग २४ सेंमी बुडतं, दुसरं १६ वरच राहतं.

दोर बांधायला तो ड्रमच्या बाहेरच्या कडेला, म्हणजे मध्यापासून ९५ सेंमीवर गेला, की ती ओळ त्याच्या वजनाहून जास्त घेते: ७५×(०.९५+०.६५)÷१.३ = ९२ किलो. जादा १७ किलो पलीकडच्या ओळीवरून उचलले जातात. दोघंही त्याच कडेला आले तर त्या ओळीवर २८७ किलो, म्हणजे ६३ टक्के आणि ३५ सेंमी बूड. पलीकडं फक्त ६७ किलो, १२ सेंमी. एकूण वजन अजून ३५४ च आहे, ९१८ च्या चाळीस टक्क्यांच्याही आत, तरी जवळची ओळ निम्म्याच्या पार गेली आणि प्लाय दहा अंशांनी कलला. ओल्या प्लायवर दहा अंशांत पाय टिकत नाही.

उपाय ड्रम वाढवणं नव्हे, ओळी लांब नेणं. ओळींतलं अंतर दुप्पट केलं तर कलण्याला होणारा विरोध चौपट होतो. चार ड्रम एकाला एक चिकटवून बांधलेला तराफा तेवढंच वजन पेलतो, पण भिंगरीगत फिरतो. पंप शक्य तितका खाली, दोन ओळींच्या मधल्या खळग्यात बसवला तर आणखी चांगलं.

बिघडतं कुठं

बुचं नेहमी पाण्याच्या रेषेच्या वर राहतील असा ड्रम ठेवा. दिवसा उन्हानं ड्रममधली हवा फुगते, रात्री आक्रसते आणि झिजलेल्या वॉशरमधून बाहेरचं ओढते. बुच पाण्याखाली असेल तर ते ओढलेलं म्हणजे पाणी. रबरी वॉशर नवा, आट्यांवर टेफ्लॉन टेप. उतरवण्याआधी प्रत्येक बुचाला साबणाचं पाणी लावून ड्रम गुडघ्यानं दाबून बघा, बुडबुडा दिसेल.

गळणारा ड्रम चार पट्ट्यांवर लगेच पकडला जातो. एका कोपऱ्याच्या ड्रममध्ये १० लिटर शिरले की तो कोपरा साधारण दीड सेंटीमीटर जास्त बसतो. आतलं पाणी उताराच्या बाजूला धावतं आणि कल आणखी वाढवतं, म्हणून अर्धा भरलेला ड्रम हा नुसत्या जादा वजनाहून वाईट.

थर्मोकोलचे ठोकळे वापरणार असाल तर घनमीटरला १५ ते २० किलो असा माल हलका असतो, १×०.५×०.३ मीटरचा ठोकळा दीडशे लिटर सारतो आणि स्वतः तीनेक किलोच असतो. पण वर पेट्रोलचं इंजिन असेल तर उघडा थर्मोकोल नको, सांडलेल्या पेट्रोलनं तो विरघळतो.

दोर आखूड बांधला तर पावसाळ्यात पाणी चढल्यावर तोच तराफ्याला खाली ओढतो, आणि ती ओढ वजनासारखीच मोजावी लागते. डिलिव्हरीचा पाईप ताठ असेल तर पाणी उतरल्यावर तो तराफा उचलून धरतो, किंवा दाबतो. म्हणून शेवटची मोजणी पाईप जोडून, पाण्यानं भरून करा. खाडीत तराफा टाकणार असाल तर समुद्राचं पाणी लिटरला १.०२५ किलो, म्हणून तिथं बूड किंचित कमी दिसते. वजन कमी झालं असं समजू नका.

मोजणी चालू असताना स्टार्टर बंद केला एवढ्यावर थांबू नका, मेन स्विच खाली आणि फ्यूज खिशात. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याच्या उतारावर ओला माणूस स्वतःहून चढू शकत नाही; काठावर गाठी मारलेला जाड दोर सोडलेला, तराफ्यावर जाणाऱ्याच्या अंगात लाइफ जॅकेट आणि काठावर दुसरा माणूस, याशिवाय मोजणी सुरू करू नका.

सगळं जुळलं की ड्रमवर ऑइल पेंटनं दोन रेषा ओढा. एक माणसं नसतानाची, १६ सेंमीवर. दुसरी लाल, ड्रमच्या निम्म्यावर, २९ सेंमीवर; तिच्याशेजारी किलो लिहा. इथं निम्म्यापर्यंत ४५९ किलो जातात, त्यातून २०४ वजा, म्हणजे मधोमध उभं राहणाऱ्यांसाठी आणि सामानासाठी २५५. पहिली रेषा दर पंधरवड्याला चारही कोपऱ्यांत बघा, आणि वॉशर, पाईप किंवा पंप बदलला की जार घेऊन मोजणी पुन्हा करा.